पिठानं दम लागतो, म्हणून भाकरी सोडायची का?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात वडिलांच्या काळापासूनची पिठाची गिरणी चालवणारे एक गृहस्थ. दोन-तीन वर्षांपासून सकाळी गिरणी सुरू केली की शिंका सुरू होतात, नाक वाहतं, डोळे चुरचुरतात. गेल्या पावसाळ्यापासून रात्री खोकल्यानं जाग येते आणि छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी रक्ताची मोठी ॲलर्जी तपासणी केली. तिच्यात गहू, ज्वारी, मका, हरभरा असं बरंच काही ‘पॉझिटिव्ह’ निघालं. तेव्हा चपाती, भाकरी, बेसन सगळं बंद केलं. दोन महिने वरणभातावर काढले, वजन उतरलं, खोकला मात्र तिथल्या तिथेच. हे सगळं बंद करण्याआधी खाण्यानं कधी अंगावर गांधी उठल्या नव्हत्या, ओठ सुजले नव्हते, उलटी झाली नव्हती, असंही त्यांनी लिहिलं आहे. आता विचारतात, भातही सोडायचा का? आणि गिरणी विकून टाकायची का?

भात सोडू नका, आणि भाकरी परत सुरू करा. मध्ये दोन महिन्यांचा खंड पडला आहे म्हणून पहिल्या दिवशी चतकोर खा. दिवसा खा, घरात माणसं असताना खा. गहू, ज्वारी, हरभरा एकाच दिवशी सुरू करू नका. एक सुरळीत झालं की दुसरं. दम चढलेला असेल त्या दिवशी नको. खाल्ल्यावर कधीच काही झालं नव्हतं, ही तुम्ही लिहिलेली ओळ त्या सगळ्या रिपोर्टपेक्षा वजनदार आहे.

तुमचा आजार पिठाच्या धुळीचा आहे, पोटात जाणाऱ्या भाकरीचा नाही. नाकातून गेलेलं पीठ कच्चं असतं. त्यातली प्रथिनं जशीच्या तशी नाकाच्या आणि श्वासनळ्यांच्या ओल्या अस्तरावर बसतात. वर्षानुवर्षं रोज तेच होत राहिलं की काही जणांचं शरीर त्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं, आणि मग थोड्याशा धुळीनंही शिंका आणि दम सुरू होतो. तीच प्रथिनं तव्यावर भाजली जातात, पोटातल्या आम्लात आणि पाचकरसांत त्यांचे तुकडे होतात, तेव्हा बहुतेकांच्या शरीराला ती ओळखूही येत नाहीत. बेकरीत काम करणाऱ्यांचा दमा जगभर अभ्यासला गेला आहे. त्यातले बहुतेक रुग्ण पिठाच्या धुळीनं धापा टाकतात आणि घरी येऊन तोच पाव निवांत खातात.

मग रक्तात गहू-ज्वारी पॉझिटिव्ह का आलं? एक तर धुळीमुळे तयार झालेली प्रतिपिंडंच त्या तपासणीत दिसतात. ती नाकावाटे तयार झाली की तोंडावाटे, हे रक्त सांगत नाही. दुसरं असं की गहू, ज्वारी, मका ही सगळी गवताच्याच कुळातली पिकं. ज्याला हरळीच्या किंवा बांधावरच्या इतर गवतांच्या परागकणांची ॲलर्जी आहे, त्याच्या रक्तात ही धान्यं उगाचच पॉझिटिव्ह दिसू शकतात. म्हणून शेकडो पदार्थांची यादी एकदम तपासणाऱ्या पॅकेजवर पैसे घालवू नका असं मी सांगतो. त्यातही आयजीजी नावाची वेगळी प्रतिपिंडं मोजून ‘हे पदार्थ तुम्हाला चालत नाहीत’ असं सांगणाऱ्या तपासण्या ॲलर्जीसाठी कुचकामी आहेत. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आला आहात, एवढाच अर्थ.

आमच्या दवाखान्यात मी यापेक्षा साधे प्रश्न विचारतो. सुट्टीत काय होतं? संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत गिरणी बंद असते तेव्हा रात्रीचा खोकला कमी होतो का? हुरडा खाल्ल्यावर तोंडात, घशात खाज सुटली का? पिठलं शिजताना त्रास होतो की ताटात आल्यावर? हा शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण डाळी-कडधान्यं शिजतानाच्या वाफेनं दमा उठल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. हरभऱ्याच्या बाबतीत मी जरा सावध असतो. आपल्या देशात हरभरा खाऊन होणारी खरी ॲलर्जी बऱ्यापैकी आढळते. बेसन दळणाऱ्याला भजी खाल्ल्यावर गांधी उठल्या, तर तिथे ‘धुळीचंच आहे’ म्हणून सोडून देता येत नाही.

तुम्ही याला पिठाची ॲलर्जी म्हणता, पण गिरणीतली, अडतीच्या दुकानातली किंवा गोदामातली धूळ म्हणजे नुसतं पीठ नव्हे. तिच्यात धान्याचा कोंडा आणि बारीक कूस असते. सोंडकिडे, भुंगेरे यांचे तुकडे आणि त्यांची विष्ठा असते. साठवणीच्या धान्यात वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे बारीक जीव असतात. अल्टरनेरिया, ॲस्परजिलससारख्या बुरशींचे कण, जिवाणूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन नावाचं विष, उंदरांचं मूत्र, फवारलेल्या औषधाचा अंश, सगळं मिसळलेलं असतं. ज्वारीच्या मळणीत काणी लागलेल्या कणसांची काळी पूड उडते, तिनंही दमा होऊ शकतो. म्हणूनच दोन हमाल एकाच गाळ्यात काम करतात, एकाला गव्हाच्या हंगामात त्रास होतो आणि दुसऱ्याला जुना, किडका माल हलवताना. पहिल्याची ॲलर्जी गव्हाची असेल, दुसऱ्याची बहुधा किड्यांची किंवा माइटची. दोघांना ‘धान्याची ॲलर्जी’ म्हणून एकच पथ्य देणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

बेकरीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पाव फुगावा, मऊ राहावा म्हणून मैद्यात जी इम्प्रूव्हरची पावडर टाकतात, तिच्यात बहुधा अमायलेज नावाचं, बुरशीपासून बनवलेलं एन्झाइम असतं. ते फार तीव्र ॲलर्जी करणारं आहे. मैद्याची चाचणी निगेटिव्ह आली आणि तरी भट्टीवरच्या माणसाला दम लागतो, तेव्हा त्या पावडरीकडे बघायचं.

हे सगळं काही नवीन नाही. इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात धान्य चाळणारे आणि मापणारे यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या मार्केट यार्डातले मापाडी आणि चाळणीवर बसणाऱ्या बायका ज्या तक्रारी सांगतात, त्याच तक्रारी तिथे आहेत. धुळीपुढे काय करायचं याचं सर्वांत बोलकं उदाहरण बार्सिलोनाचं. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण एकदम लोंढ्यानं दवाखान्यात यायचे. असे २६ दिवस नोंदले गेले. शेवटी कळलं की ते दिवस बंदरात सोयाबीन उतरवण्याचे होते. एका कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. ती बसवली आणि ते लोंढे थांबले. त्यासाठी शहराला सोयाबीन खायचं बंद करावं लागलं नाही.

आता अपवाद. ‘खाण्याचा संबंध नाही’ हे बहुतेकांना लागू आहे, सगळ्यांना नाही, आणि जिथे लागू नाही तिथे जिवावर बेतू शकतं.

पहिला अपवाद कष्टाच्या माणसाचा आहे. गव्हातल्या ओमेगा-५ ग्लायडिन नावाच्या प्रथिनाची ॲलर्जी काही प्रौढांना असते. ती एरवी लपून बसते. चपाती खाऊन माणूस झोपला तर काही होत नाही. चपाती खाऊन तासा-दीड तासात पोती उचलायला लागला की अंगभर गांधी, ओठ-डोळे सुजणं, चक्कर, कधी शुद्ध हरपणं. त्यात पाठ दुखते म्हणून सकाळी वेदनाशामक गोळी घेतलेली असेल, तर धोका आणखी वाढतो. हमालीत डबा, गोळी आणि ओझं हे तिन्ही रोजचंच. असा माणूस बहुतेकदा ‘ऊन लागलं’ किंवा ‘पित्त उठलं’ म्हणून घरी पाठवला जातो. सोलापूरच्या उन्हात ते खरंही वाटतं. पण ऊन लागल्यानं ओठ सुजत नाहीत. असं एकदा जरी झालं असेल, तर काय खाल्लं होतं, किती वेळानं काम सुरू केलं, कोणती गोळी घेतली होती, हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि तज्ज्ञाला दाखवा. तोवर काम करण्याआधी चार-सहा तासांत गहू नको आणि मनानं वेदनाशामक नको. इथे ज्वारी कामाला येते. कामाच्या दिवशी डब्यात भाकरी नेणारा हमाल या एका आजारापुरता तरी सुरक्षित राहतो.

दुसरा अपवाद घरातल्या डब्यातला. दमट हवेत उघड्या राहिलेल्या मैद्यात, रव्यात, बेसनात माइट वाढतात. दिसत नाहीत, पीठ वरून चांगलंच असतं. ज्याला माइटची ॲलर्जी आहे त्यानं अशा पिठाचं धिरडं किंवा भजी खाल्ली, तर काही मिनिटांत तीव्र ॲलर्जी येऊ शकते. शिजवल्यानं माइट मरतात, पण त्यांची काही प्रथिनं टिकतात. पॅनकेक खाऊन असा त्रास झालेले रुग्ण आढळले म्हणून त्याला पॅनकेक सिंड्रोम म्हणतात. लोक पदार्थाला दोष देतात आणि बेसन कायमचं सोडतात. दोष जुन्या पिठाचा असतो. पावसाळ्यात दळण थोडं आणा, पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, जमलं तर फ्रिजमध्ये.

तिसरा रस्ता कातडीचा. जपानमध्ये गव्हाच्या प्रक्रिया केलेल्या प्रथिनांचा चेहऱ्याचा साबण वापरून दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. चांगल्या कातडीतून असं सहसा होत नाही. पण कणीक, बेसन किंवा मैदा सतत हाताळून हात फुटलेले असतील, इसब झालेलं असेल, तर ते अंगावर काढू नका.

सीलिॲक आजार यापेक्षा वेगळा आहे. तो गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे होणारा, आतड्याचा आजार. त्यात शिंका-दमा नसतो, आणि ज्वारीत ग्लुटेन नसल्यानं त्या रुग्णांना ज्वारी चालते. गिरणीवाल्यांनी एवढं मात्र लक्षात ठेवावं की अशा घरचं दळण गव्हानंतर त्याच जात्यावर काढलं, तर त्यांना ते चालत नाही.

आणखी दोन आजार धान्याच्या धुळीतूनच येतात आणि ॲलर्जीत गल्लत करतात. बुरसटलेलं धान्य किंवा कडबा हलवल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, खोकला, आणि एक-दोन दिवसांत आपोआप बरं, हा धुळीचा ताप. दुसरा जास्त वाईट. असा त्रास पुन्हा पुन्हा होऊन फुफ्फुसाला सूज येते, पुढे चट्टे पडतात, वजन घटतं, चढण चढताना धाप लागते. एक्स-रेवर डाग दिसले आणि थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी टीबीची औषधं सुरू झालेली मी अनेकदा पाहतो. काम विचारलं तर निम्मं निदान तिथेच होतं. गोदामात कीड मारायच्या गोळ्या ठेवल्यानंतर कुजक्या माशासारखा किंवा लसणासारखा वास आला आणि छाती आवळली, तर ती ॲलर्जी नव्हे. तो फॉस्फिन वायू आहे, विष आहे. बाहेर पळा आणि सरळ दवाखाना गाठा. वास आला नाही म्हणून वायू नाही असंही समजू नका.

तुमच्या निदानाकडे येतो. कामाचा दमा आहे की साधा, हे ठरवायला पीक फ्लो मीटर नावाची स्वस्त नळी पुरते. तिच्यात जोरात फुंकायचं आणि आकडा लिहायचा. दिवसातून चार वेळा, सलग चार आठवडे, आणि त्यात गिरणी बंद असलेले काही दिवस यायलाच हवेत. कामाच्या दिवशी आकडा खाली आणि सुट्टीत वर, असा आलेख निघाला तर गोष्ट जवळजवळ स्पष्ट होते. एका रविवारच्या सुट्टीनं फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका, छाती मोकळी व्हायला कधी कधी दहा दिवस लागतात. कापड गिरणीतल्या कामगारांचा कापसाच्या धुळीचा आजार सोलापूरला चांगलाच ठाऊक आहे. त्यात सुट्टीनंतरचा पहिला दिवस सर्वांत वाईट जायचा. पिठाच्या दम्यात सहसा उलट होतं, आठवडा सरत जातो तसा त्रास चढत जातो. तुमच्या नाकाच्या तक्रारी आधी आणि दमा मागाहून आला, हेही या आजाराच्या नेहमीच्या चालीला धरून आहे. नाकाकडे तेव्हाच लक्ष दिलं असतं तर, असं आता म्हणून उपयोग नाही. पण तुमचा मुलगा किंवा मदतनीस नुकताच शिंकायला लागला असेल, तर त्याच्यासाठी वेळ आहे.

कातडीवरची चाचणी करायची असेल तर स्वतःच्या गिरणीतलं पीठ आणि चाळणीखालची धूळ वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन या. सर्दी-खाजेच्या ॲलर्जीच्या गोळ्या आधी आठवडाभर बंद ठेवा, नाहीतर चाचणी खोटी निगेटिव्ह येते. दम्याचा पंप मात्र बंद करू नका. दम जास्त असेल त्या दिवशी ही चाचणी करत नाहीत.

गिरणी विकायची का? आधी धूळ कमी करून बघा. बाहेरच्या देशांत पिठाच्या धुळीसाठी सुचवलेली एक कडक मर्यादा घनमीटर हवेत अर्धा मिलिग्रॅम इतकी आहे. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या भुवया आणि उन्हाच्या तिरिपीत तरंगणारं पीठ असेल, तर मोजायची गरज नाही.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे ब्लोअरनं किंवा हवेच्या पाइपनं जागा झाडणं. तासभर दळून जेवढं नाकात जात नाही तेवढं त्या पाच मिनिटांत जातं. त्याऐवजी व्हॅक्यूम वापरा, नाहीतर मशीन बंद करून ओल्या फडक्यानं पुसा. पीठ पडतं त्या तोंडाला लावलेली कापडी बाही फाटली असेल तर आजच बदला. ती डब्यात खोलवर जाईल इतकी लांब हवी. गिऱ्हाइकाचा डबा भरल्यावर तो आपटून पीठ बसवू नका. रिकामी पोती गिरणीत झटकू नका. बारदान झटकणं हे धान्याच्या धंद्यातलं सर्वांत धुळीचं काम आहे आणि ते नेहमी सर्वांत नव्या पोराकडे जातं. बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून झटकावं. पंखा तुमच्या मागून हवा घेऊन दारातून बाहेर फेकेल असा लावा. छताचा पंखा फक्त पीठ फिरवत ठेवतो. खर्च झेपत असेल तर धूळ ओढणारी मोटर आणि पिशवीची गाळणी बसवून घ्या. दगडाला टाकी लावताना उडणारी पूड पिठाची नसून दगडाची असते, ती फुफ्फुसाला आणखी घातक. ते काम मास्कशिवाय कधीच नको.

मास्क म्हणजे एन-९५ किंवा आयएस ९४७३ शिक्क्याचा एफएफपी-२. रुमाल, उपरणं, ओढणी बारीक धूळ अडवत नाहीत. दाढी असेल तर कडेनं धूळ आत जाते. एप्रिल-मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना दिवसभर मास्क लावा म्हणणं दवाखान्यात बसून सोपं आहे. म्हणून मी निदान झाडलोट, चाळणी, बेसन आणि डाळीचं दळण एवढ्या वेळी तो चुकवू नका असं सांगतो. गिरणीतले कपडे घरी नेऊन झटकू नका, मुलं तीच धूळ घेतात.

औषधांबद्दल फार लिहीत नाही, ती तपासूनच ठरतात. रोजचा स्टेरॉइडचा पंप हा दम्याचा मुख्य उपचार आहे. पंपाची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. पण पंप घेऊन त्याच धुळीत उभं राहणं हाही उपाय नव्हे. तीन-चार महिने धूळ खरोखर कमी करून, औषध नीट घेऊनही आकडे पडतच राहिले, तर दळणाच्या खोलीतून तुम्ही बाहेर पडलं पाहिजे. गिरणी दुसऱ्यानं चालवावी आणि तुम्ही हिशेब, गिऱ्हाईक बघावं, ही वाटणी पुष्कळ घरांत जमते. पण त्या दुसऱ्यालाही हीच सगळी काळजी लागू आहे. हा निर्णय लांबवू नका. दमा मुरल्यावर काम सोडलं तर पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांशच असतात. लवकर बाहेर पडणाऱ्यांचं नशीब बरं.

तुमच्याकडे कामाला माणूस असेल, किंवा हे वाचणारा कुणी दुसऱ्याच्या मिलमध्ये कामाला असेल, तर एवढं माहीत असू द्या. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायातल्या आजारांची यादी होती. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे, आणि तिच्या यादीतही सेंद्रिय धुळीनं फुफ्फुसाला सूज आणणारा ॲलर्जिक आजार आहे. दावा टिकायला कागद लागतात. म्हणून पीक फ्लोची वही, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि कोणत्या कामावर किती वर्षं होतो याची नोंद फेकू नका.

तीव्र ॲलर्जी झाली, म्हणजे गांधींसोबत दम, घसा आवळणं किंवा चक्कर आली, तर माणसाला आडवा झोपवा आणि पाय वर करा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभा करू नका. १०८ ला फोन करा. औषध म्हणजे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम. ते जवळच्या दवाखान्यात मिळतं का, हे मार्केट यार्डातल्या प्रत्येक टोळीच्या मुकादमानं आधीच विचारून ठेवावं.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच: पीक फ्लो मीटर आणि एक वही विकत घ्या, ब्लोअर बंद ठेवा आणि बाही बदला. चार आठवड्यांनी वही आणि पिठाच्या पुड्या घेऊन छातीच्या डॉक्टरांना भेटा. त्याआधी दम वाढला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर चार आठवडे थांबू नका.